सोपान म्हणजे हुद्दा नव्हे

स्काउट पथकातील मुलगा एक सोपान वर चढला की खालच्या मुलांना हुकूम सोडण्याचा अधिकार त्याला प्राप्त होतो, हा समज सुशिक्षित पालकांच्या तोंडूनही इतक्या वेळा ऐकावा लागतो की त्याचे सविस्तर निराकरण करणे अगत्याचे झाले आहे. चळवळीचे प्रवर्तक बेडन-पॉवेल हे लष्करी सेनानी होते आणि मुले गणवेश घालतात, एवढ्याच आधारावर भारत स्काउट्स आणि गाईड्स या संस्थेतील प्रवेश, प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार या पायऱ्यांना लोक फौजेतील बढतीचे रूप देतात. वस्तुतः फौजेत वरच्या हुद्द्यांवरील बढती बहुधा रिकाम्या जागांवर अवलंबून असते. येथे जागांचा प्रश्नच उद्भवत नाही. गाठी, प्रथमोपचार, होकायंत्राचा उपयोग, उघड्यावरचा स्वयंपाक आणि सेवाकार्य यांत ज्याची तयारी झाली तो पुढे जातो, आणि एका संघातील सर्वच मुलांची झाली तर सर्वच जातात. कोणी कोणाला हरवलेले नसते.

नेतृत्व ही निराळी बाब आहे. सहा ते आठ मुलांच्या संघाचा कारभार संघनायक पाहतो, आणि ती जबाबदारी सोपानाबरोबर आपोआप चालून येत नाही. 1907 साली ब्राउनसी बेटावरील पहिल्या शिबिरात बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे चार संघ पाडले, तेव्हा प्रत्येक संघाची धुरा त्यांतल्याच एका मुलाकडे दिली होती. सोपान आणि नेतृत्व यांतला हा भेद न उमगलेली वडील माणसे बारा वर्षांच्या पोराला 'साहेब' करून सोडतात आणि नवख्या मुलाला बोलाइनची गाठ धीराने शिकवण्याचे त्याचे खरे काम त्याच्यापासून हिरावून घेतात, याचा मला मनस्वी खेद होतो.

वय वाढले की सोपान मिळतो, हेही खरे नाही. प्रत्येक टप्प्यावर ठरावीक काळ काम आणि मग परीक्षा आहे. वशिल्याचा संशय घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की राज्य पुरस्काराची परीक्षा पथकाचा स्काउटमास्तर घेत नाही, ती राज्यपातळीवर होते. काहींच्या तोंडी असलेला 'ईगल स्काउट' हा सन्मानही अमेरिकेतील संस्थेचा आहे, आपल्याकडील नव्हे. आणि मुलींसाठी ही वाट नाही असे म्हणणाऱ्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळवणारी 'राष्ट्रपती गाईड' ठाऊकच नसावी. तिची कसोटी मुलांच्या कसोटीहून तसूभरही सौम्य नाही.