गळकी तोटी

रात्रीं घरांत निजानीज झाली, रस्ता शांत झाला, म्हणजे अंगणांतील नळाच्या तोटींतून पडणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकूं येऊं लागतो. दिवसां त्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. रात्रीं गेलें, तर गृहस्थ फार तर बाहेर जाऊन तोटी जोरानें आवळतो आणि परत येऊन निजतो. वस्तुतः हा जोरच त्या तोटीचा खरा शत्रु होय.

एका सेकंदास एक थेंब, आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर, असा साधा हिशेब धरला, तरी दिवसास ८६,४०० थेंब, म्हणजे सुमारें ४.३ लिटर, आणि वर्षास दीड हजार लिटरांहून अधिक पाणी मातींत जातें. ज्या गांवीं नळास दिवसाआड पाणी येतें, तेथें हे कोणाच्या तरी घरचे भरलेले हंडेच होत. शिवाय भिंतीच्या पायांत ओल धरते, आणि तोटीखालीं ठेवलेल्या बादलींत सांचून राहिलेल्या स्वच्छ पाण्यांत डेंग्यूचा प्रसार करणारे डास वाढतात.

मळसूत्री तोटीचें पेटंट इंग्लंडांतील रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्यानें १८४५ सालीं घेतलें. तिचें तत्त्व आजही तेंच आहे. तोटीच्या पोटांत एक पडदा असून त्यास वाटोळें भोंक असतें. पाणी खालून या भोंकांतून वर चढतें आणि तोंडावाटें बाहेर पडतें. भोंकाच्या कडेस बैठक म्हणतात. वरची मूठ फिरविली, म्हणजे मळसूत्री दांडा खालीं उतरतो व त्याच्या टोंकाचा रबरी वायसर बैठकीवर दाबून बसतो. वाट बंद होते. उन्हानें व वापरानें रबर कडक होतें, त्यास चर पडतो, आणि त्या चरांतून थेंब निसटूं लागतो. जोर लावल्यानें चर अधिकच खोल होतो, आणि कालांतरानें पितळी बैठकही बिघडते.

म्हणून पाणी कोठून येतें, हें प्रथम पाहावें. बंद तोटीच्या तोंडांतून थेंब पडत असेल, तर दोष वायसराचा किंवा बैठकीचा. तोटी उघडी असतांना मुठीखालीं दांड्याभोंवतीं पाणी झिरपत असेल, तर तेथील वेष्टन सैल झालेलें असतें. तोटी व नळ यांच्या सांध्याशीं ओल असेल, तर दोष आट्यांत समजावा.

वायसर बदलण्यापूर्वीं मुख्य चावी बंद करून तोटी उघडावी व उरलेलें पाणी वाहूं द्यावें. मग एका पान्यानें तोटीचें अंग घट्ट धरून दुसऱ्यानें माथ्याची चाकी डावीकडे फिरवावी. अंग न धरतां जोर केला, तर भिंतींतील जुना गंजलेला नळच पिळवटून तुटण्याचें भय असतें, आणि क्षुल्लक वायसरापायीं भिंत फोडण्याची पाळी येते. माथा निघाल्यावर जुना वायसर काढून नमुन्यादाखल दुकानीं न्यावा. घरगुती तोटी बहुधा अर्ध्या इंचाची असते, तरी नमुना जवळ असलेला बरा. बैठकीवरील क्षार व कचरा पुसून तिच्या कडेवरून बोट फिरवावें. कड खडबडीत लागली, तर नवा वायसरही फार दिवस टिकणार नाहीं. ती घासून सपाट करण्याचें हत्यार प्लंबराजवळ असतें. माथा परत बसवितांना दांडा वर उचललेला असावा. नाहीं तर नवा वायसर बसतांनाच चिरडतो. शेवटीं तोटी बंद करून मुख्य चावी हळूहळू उघडावी.

दांड्याभोंवतालची गळती याहून सोपी. तेथील लहान चाकी किंचित् आवळावी; तेवढ्यानें न भागल्यास मुख्य चावी बंद करून ती सोडवावी व तिच्याखालीं ग्रीस लावलेला सुती दोरा गुंडाळावा. सांधा गळत असेल, तर पाणी बंद करून तोटी काढावी आणि आटे ज्या दिशेनें चढतात, त्याच दिशेनें त्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळावी. पूर्वीं येथें ताग आणि सफेदा वापरीत. पाव फेऱ्यांत उघडणाऱ्या नव्या तोट्यांत मात्र बहुधा वायसराऐवजीं सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. तेथें आंतील सबंध भागच बदलावा लागतो.

दुरुस्त झालेली तोटी दोन बोटांच्या दाबानें बंद झाली पाहिजे. ती बंद करण्यास पुन्हा मुठीचा जोर लागूं लागला, म्हणजे वायसर बदलण्याची वेळ आली, असें घरांतील लहानथोरांनीं समजावें.