मांडीवरची घसरगुंडी

ब्वाँऽऽऽइंग!

बग्ज बनीचं जुनं कार्टून सुरू होताना हा आवाज येतो. ऐकलायस ना? पडद्यावर रंगीत वर्तुळं दिसतात आणि एक सूर सुसाट सुटतो!

सांग बरं, तो आवाज कशाचा?

स्प्रिंगचा? नाही! कॉम्प्युटरचा? छे, तेव्हा कॉम्प्युटर होतेच कुठे! शिट्टीचा? अंहं!

गिटारचा! आणि तोही उभ्या धरलेल्या गिटारचा नाही, तर मांडीवर चक्क आडव्या झोपवलेल्या गिटारचा. फ्रेडी टव्हारेस नावाच्या हवाई बेटांवरच्या वादकाने तो वाजवला होता. स्पंजबॉब समुद्राच्या तळाशी गमतीजमती करतो, तेव्हा मागे जे डुलणारं, लाडीगोडी लावणारं संगीत ऐकू येतं ना? त्यातही हीच गिटार!

हिचं नाव लॅप स्टील गिटार. लॅप म्हणजे मांडी. आपल्याकडे हिला हवाईयन गिटार म्हणतात.

आता नेहमीची गिटार आठव. तिच्या लांब दांड्यावर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात. त्यांना म्हणायचं पडदे. डाव्या हाताच्या बोटाने तार पडद्याशी दाबली की एक सूर. पुढच्या पडद्याशी दाबली की पुढचा सूर. म्हणजे तो झाला जिना! या पायरीवर उभं राहा, नाहीतर त्या पायरीवर. दोन पायऱ्यांच्या मधे कुणाला उभं राहता येतं का?

लॅप स्टील म्हणजे घसरगुंडी! इथे पायऱ्याच नाहीत. डाव्या हातात बोटभर लांबीचा, गुळगुळीत, जड पोलादी बार धरायचा आणि तारांवर नुसता टेकवायचा. दाबायचा नाही हं! तारा दांड्यापासून मुद्दाम उंच ठेवलेल्या असतात. उजव्या हाताने तार छेडायची आणि बार सरकवायचा. सूर घसरत जातो. सा पासून रे पर्यंत जाताना मधले सगळे, अगदी सगळे सूर वाटेत भेटतात!

आपले गवई एका सुरावरून दुसऱ्या सुरावर असेच अलगद जातात. त्याला म्हणतात मींड. म्हणून तर ही गिटार वाजते तेव्हा कुणीतरी गातंय असं वाटतं.

पण ही कल्पना सुचली कुणाला?

एका शाळकरी मुलाला! त्याचं नाव जोसेफ केकुकू. पॅसिफिक महासागराच्या मध्यावर हवाई बेटं आहेत. त्यातल्या ओआहू बेटावर लाइए नावाचं गाव आहे, तिथला हा मुलगा. गोष्ट १८८०च्या दशकातली. असं सांगतात, की गिटार वाजवत तो आगगाडीच्या रुळांवरून चालला होता. वाटेत एक लोखंडी बोल्ट दिसला. उचलला. चुकून तो तारांना लागला आणि... ब्वाँऽइंग!

मग काय! पठ्ठ्याला चैन पडेना. खिशातला चाकू तारांवर फिरवून पाहिला. कंगवाही फिरवून पाहिला! शेवटी होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत असताना तिथल्या कार्यशाळेत त्याने स्वतःसाठी मस्तपैकी पोलादी बार बनवला. शाळेच्या कार्यशाळेत! तुमच्या कार्यानुभवाच्या तासाला काय काय बनवतात? बघ बाबा, काय सांगता येतंय!

त्याच काळात होनोलुलूत गॅब्रिएल डेव्हियन नावाचा एक भारतीय तरुणही तारांवर काहीतरी सरकवून वाजवायचा, असंही जुनी माणसं सांगत. पण चिकाटीने ही कला वाढवली आणि जगभर नेली ती केकुकूने. १९०४ मध्ये तो अमेरिकेला गेला, पुढे युरोपातही वाजवत फिरला.

थांब थांब. एक मोठी गंमत राहिलीच! हवाई बेटांवर मुळात गिटार आली कशी?

गायींमुळे!

हसू नकोस, खरंच! १७९३ साली जॉर्ज व्हँकूव्हर नावाच्या इंग्रज कप्तानाने हवाईच्या राजाला काही गुरं भेट दिली. राजाने हुकूम काढला, दहा वर्षं यांना कुणी मारायचं नाही. झालं! गुरं वाढली, वाढली, इतकी वाढली की रानोमाळ मोकाट फिरायला लागली. शेतं तुडवली. बागा फस्त केल्या. लोक अगदी जेरीस आले. मग १८३०च्या दशकात पुढच्या एका राजाने मेक्सिकोच्या मुलखातले पटाईत गुराखी बोलावून घेतले. ते घोड्यावरून दोर फेकून गुरं पकडायचे. दिवसभर गुरं पकडायची आणि रात्री शेकोटीपाशी गाणी म्हणायची. आणि गाण्याला साथ कशाची?

बरोब्बर! गिटारची.

म्हणजे बघ, कप्तानाने गाय दिली नसती, तर गुराखी आले नसते. गुराखी नसते, तर गिटार नसती. आणि मग बग्ज बनीचं ब्वाँऽइंगसुद्धा नसतं!

आता जरा पट्टी घे हातात. मोजायचंय.

समज, तार ६० सेंटिमीटर लांब आहे. नुसती छेडली की जो सूर निघेल, त्याला आपण सा म्हणू. आता बार बरोब्बर मधोमध ठेव. वाजणारी तार उरली ३० सेंटिमीटर. कोणता सूर आला? वरचा सा! अगदी अर्धी तार म्हणजे वरचा सा. नेहमी! तार कितीही लांब असू दे.

४० सेंटिमीटर उरेल असा बार ठेव. प आला! ४५ उरली तर म. ४८ उरली तर ग. गाण्याच्या तासाचे सूर आणि गणिताच्या तासाचे अपूर्णांक, दोघं एकाच तारेवर गळ्यात गळे घालून बसलेत. मला तर ही गोष्ट बोल्टच्या गोष्टीपेक्षाही भारी वाटते.

पण मग एक प्रश्न. बार मधे ठेवला की तारेचे दोन तुकडे होतात. एक पुढचा, एक मागचा. मागचा तुकडा गप्प बसतो का?

मुळीच नाही! तोही थरथरतो आणि नको तिथे कुईंकुईं करतो. म्हणून वादकाची एक युक्ती असते. बार धरलेल्या हाताचीच उरलेली बोटं तो बारच्या मागे तारांवर अलगद टेकवतो. बार सरकला की बोटंही मागोमाग सरकतात. कुईंकुईं बंद! पुढच्या वेळी कुणी वाजवताना दिसलं, तर त्याच्या करंगळीकडे बघ.

आणि पोलादच का? बोटाने सरकवलं तर नाही चालणार? बोट मऊ असतं. ते तारेची थरथर पिऊन टाकतं आणि सूर लवकर विझतो. पोलाद टणक आणि जड असतं. त्याच्यापुढे तारेची थरथर टिकून राहते आणि सूर लांबतो. काच वापरली तरी चालतं. आपल्याकडच्या विचित्र वीणेवर काचेचा गोळा फिरवतात, आणि दक्षिणेकडच्या गोट्टुवाद्यमवर लाकडाचा तुकडा. म्हणजे सुरांची घसरगुंडी आपल्यालाही नवी नाही!

१९१५ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात एक जंगी प्रदर्शन भरलं. तिथल्या हवाईच्या मंडपात ही गिटार लोकांनी ऐकली आणि सगळे वेडेच झाले! जिकडेतिकडे हवाईचं संगीत. पण लवकरच एक अडचण आली. बँडमध्ये ढोल आणि पिपाण्या असायच्या. त्यांच्या दणदणाटात बिचाऱ्या गिटारचं ऐकतंय कोण?

लॉस एंजेलिसला जॉर्ज बीचम नावाचा एक खटपट्या माणूस होता. तो स्वतः हवाईयन गिटार वाजवायचा. त्याला वाटलं, गिटारचा आवाज विजेने वाढवता येईल का? त्याने तारांपाशी नालाच्या आकाराची चुंबकं बसवली आणि जवळ बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी ठेवली. इतके वेढे हाताने कोण घालणार? त्यासाठी त्याने घरगुती यंत्राची मोटर वापरली. कुणी म्हणतं कपडे धुण्याच्या यंत्राची, कुणी म्हणतं शिलाई मशीनची!

आता काय होतं बघ. चुंबकाजवळ लोखंडी तार थरथरली की गुंडाळीत चिमुकली वीज इकडून तिकडे धावते. तार सेकंदाला ४४० वेळा थरथरली, तर वीजही ४४० वेळा पुढेमागे! ती यंत्राने वाढवून स्पीकरला दिली की मोठ्ठा आवाज. गिटारवर नायलॉनची तार लावून बघ. स्पीकर ढिम्म! चुंबकाला नायलॉन कळतच नाही.

१९३१ मध्ये नमुना तयार झाला आणि १९३२ मध्ये ही गिटार विकायला आली. ओतलेल्या ॲल्युमिनियमची, गोल पोटाची, लांब दांड्याची. दिसायची कशी? थेट स्वयंपाकघरातल्या फ्राइंग पॅनसारखी! लोक तिला तेच म्हणायला लागले. फ्राइंग पॅन!

आणि आता कान इकडे कर. बाजारात येऊन खरोखर खपलेली जगातली पहिली इलेक्ट्रिक गिटार हीच! रॉक बँडवाले उड्या मारत गळ्यात अडकवतात त्या सगळ्या गिटारी नंतरच्या. पहिली होती ती मांडीवर शांतपणे पडून राहणारी.

पेटंट देणाऱ्या सरकारी कचेरीतले साहेब मात्र बुचकळ्यात पडले. हे वाद्य म्हणायचं की विजेचं उपकरण? आणि ते वाजतं तरी का? मग सोल होओपी यांच्यासारख्या नामांकित वादकांना वॉशिंग्टनला पाठवून साहेबांपुढे चक्क वाजवून दाखवावं लागलं! १९३४ मध्ये केलेल्या अर्जावर पेटंट मिळालं १९३७ मध्ये. सरकारी काम!

पुढे ही गिटार आपल्याकडेही रुळली. हवाईचे वादक टाऊ मो १९४०च्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात राहिले. बंगालमध्ये तर घरोघरी हिचे क्लास सुरू झाले. मुंबईत व्हॅन शिप्ली यांनी हिंदी सिनेमाची गाणी हिच्यावर वाजवली आणि त्यांच्या तबकड्या निघाल्या. शब्द नाहीत, गायक नाही, नुसती गिटार, तरी गाणं लगेच ओळखू येतं! आजी-आजोबांना विचार, त्यांनी रेडिओवर नक्की ऐकली असेल. ब्रिजभूषण काब्रा यांनी हिच्यावर राग वाजवले. जयपूरच्या विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला आणखी तारा जोडून मोहन वीणा बनवली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार पटकावला!

तुला हवीशी वाटायला लागली ना?

मलाही वाटते! अशी गिटार जवळ असण्याची मजाच वेगळी. एक तर ती छोटीशी असते. दुसरं म्हणजे बोटं दुखत नाहीत. साधी गिटार शिकताना तारा दाबून दाबून बोटांची टोकं हुळहुळी होतात. इथे दाबायचंच नाही! आणि बार पडद्यांना शिवतही नाही, म्हणून खरे पडदे लागतच नाहीत. नुसत्या रेघा रंगवल्या तरी पुरतं. जुन्या गिटारींवर लाल, पिवळ्या, हिरव्या रेघा असायच्या. काहींवर तर मोत्यासारखं चमचमणारं प्लास्टिक चिकटवलेलं असायचं. त्या प्लास्टिकला अमेरिकेतले शौकीन प्रेमाने काय म्हणतात, माहितेय? संडासाच्या सीटचं प्लास्टिक! ईऽऽऽ! आणि अशाच गिटारी शोधत ते बाजार पालथे घालतात.

पण एक सांगून ठेवते, घसरगुंडीला पायऱ्या नसतात तशी अडवणारी भिंतही नसते. बार रेघेच्या केसभर अलीकडे राहिला की सूर बेसूर! म्हणून डोळा बरोब्बर रेघेच्या वर हवा. तिरकं बघितलं की फसलंच. सुरुवातीला मांजर ओरडल्यासारखं वाजतं. घरच्यांना आधीच कल्पना दे.

नवी गिटार लगेच मिळणार नाही. हरकत नाही! आज एक रिकामा स्टीलचा डबा घे. त्याच्या उघड्या तोंडावर रबरबँड ताणून बसव. रबर छेड आणि चमच्याची पाठ त्यावर हलकेच सरकव. ऐकू आलं? सूर घसरला!

आणि घरात कुणाची जुनी गिटार धूळ खात पडली असेल, तर परवानगी घे. (परवानगी आधी, गिटार मग!) दुकानात एक छोटी धातूची पट्टी मिळते. ती दांड्याच्या टोकाशी तारांखाली सरकवली की तारा उंच होतात. मग ज्याला सूर लावता येतात अशा दादा-ताईकडून जाड तारेपासून बारीक तारेकडे प, सा, प, सा, ग, प असे सूर लावून घे. कुठेही हात न लावता सगळ्या तारा एकदम छेड. अहाहा! काही न शिकताच गोड वाजलं की नाही?

आता बार पाचव्या पडद्यावर सरळ टेकव. मग सातव्यावर. मग परत मोकळ्या तारा. एवढ्या तीन जागांवर कितीतरी गाण्यांना साथ करता येते!

आणि हो, बार गोल असतो, जड असतो आणि घामट हातातून हमखास सुटतो. वाजवायला बसताना पायात बूट घाल!