जिथे रात्र आपणच करायची

‘‘आजी, रात्र केव्हा होणार?’’ सहा वर्षांच्या नातवाने हा प्रश्न विचारला तेव्हा घड्याळात सव्वाअकरा वाजले होते आणि मोटारहोमच्या खिडकीतून येणारे पिवळे ऊन त्याच्या पांघरुणावर पसरले होते. त्याला काय उत्तर द्यावे, हे मला सुचेना. जिथे आम्ही मुक्कामाला होतो तिथे पुढचे काही आठवडे रात्र होणारच नव्हती.

लेक आणि जावई ऑस्लोला असतात. नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जायचे, हॉटेलांच्या वेळापत्रकात अडकायचे नाही, म्हणून त्यांनी जूनमध्ये एक मोटारहोम भाड्याने घेतले. चार चाकांवरचे दीड खोल्यांचे बिऱ्हाडच ते! दोन शेगड्या, लहानसा फ्रीज, पाण्याची टाकी, बसण्याच्या बाकांचे रात्री होणारे पलंग. माझे यजमान अठरा वर्षांपासूनचे मधुमेही. जेवणापूर्वीचे आणि रात्रीचे अशी दोन प्रकारची इन्सुलिन घेणारे. पथ्याचे शिजवलेले अन्न सतत हाताशी राहील, या एका कारणासाठी मला हा बेत फार पसंत पडला.

ट्रॉन्डहाइमच्या उत्तरेस स्टाइन्शेर नावाचे गाव आहे. तिथून बोडोपर्यंत सुमारे साडेसहाशे किलोमीटरचा किनारी रस्ता जातो. त्याचा क्रमांक १७. वाटेत समुद्राचे फाटे जमिनीत इतके खोल शिरलेले आहेत, की सहा वेळा गाडीसकट बोटीवर चढावे लागते. ब्रोन्नोयसुंडजवळ तोरघाटेन नावाचा डोंगर आहे. त्याच्या पोटातून आरपार भोक गेलेले दिसते. ही एका राजाची टोपी असून ती बाणाने भेदली गेली, अशी तिथली दंतकथा आहे. भूगर्भशास्त्र मात्र हे काम हिमयुगातील समुद्राचे आणि बर्फाचे मानते. भोक १६० मीटर लांब आहे. तिथपर्यंतची चढण यजमानांनी काठी टेकत, आधी आणि नंतर साखर तपासून, पूर्ण केली; त्यांचा चेहरा एखाद्या शाळकरी मुलासारखा खुलला होता.

किल्बोगहाम्न ते येक्टविक या बोटीच्या तासाभराच्या प्रवासात आर्क्टिक वृत्त ओलांडले जाते. किनाऱ्यावर पृथ्वीच्या गोलाचे एक लहान स्मारक दिसते, लोक छायाचित्रे काढतात, कॉफी पितात आणि बोट पुढे जाते. आमच्या शरीरांसाठी मात्र तिथपासून सगळेच बदलले. या वृत्ताच्या पलीकडे जूनच्या उत्तरार्धात सूर्य क्षितिजाखाली जातच नाही. बोडोला तो साधारण ४ जून ते ८ जुलै असा सलग वर असतो.

आपल्या मेंदूत, दृष्टीच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. शरीराचे मुख्य घड्याळ ते. डोळ्याच्या पडद्यातील काही खास पेशी त्याला केवळ एकच निरोप देतात : बाहेर उजेड आहे की नाही. उजेड ओसरू लागला की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते, शरीराचे तापमान किंचित उतरते, झोप येते. उजेड ओसरलाच नाही, तर हा निरोप जातच नाही. या घड्याळाची पेशींमधील यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आम्हांला मात्र ती यंत्रणा तीनच दिवसांत अनुभवाने समजली.

पहिल्या दिवशी सगळेच भारावलेले. रात्री दहाला समुद्रावर फेरफटका, अकराला चहा! दुसऱ्या दिवशी जावई ‘उजेड आहे तोवर अजून थोडे पुढे जाऊ’ म्हणत साडेबारापर्यंत गाडी हाकत राहिले. लेकीने त्यांना दोनदा जांभई देताना पाहिले आणि पुढच्याच थांब्यावर गाडी उभी करायला लावली. तिने केले ते योग्यच. लख्ख उन्हात डोळे उघडे असतात. पण सोळा तास जागा असलेला मेंदू त्या उन्हाने ताजा होत नाही. अरुंद रस्ता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि हातात तीन टनांहून जड वाहन.

तिसऱ्या दिवशीचा प्रसंग सांगताना आजही हात थांबतो. बोडोच्या अलीकडे पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्याजवळ मुक्काम होता. कुकरमध्ये खिचडी लावायची ठरली होती. यजमानांनी सवयीप्रमाणे आठ वाजता जेवणापूर्वीचे इन्सुलिन टोचून घेतले. तेवढ्यात नातू ‘आजोबा, शंख!’ करीत ओढू लागला आणि ऊन तर दुपारच्या चारसारखे. आम्ही सगळेच वाळूत उतरलो. जेवण राहिले. भूक लागते ती पोटाला, पण तिची आठवण करून देतो तो अंधार, हे मला तेव्हा कळले. सव्वानऊला यजमान नातवावर विनाकारण खेकसले. एरवी त्याला ‘अरे’ सुद्धा मोठ्याने न म्हणणारा माणूस! मी जवळ गेले, तर जॅकेटच्या आत अंग घामाने चिंब आणि बोटे थरथरत होती. यंत्राने ५८ दाखवले.

लेकीने गाडीतून संत्र्याच्या रसाचा डबा आणला. शुद्धीवर असलेल्या माणसाची साखर ७० च्या खाली गेली, तर सुमारे १५ ग्रॅम लगेच भिनणारी साखर द्यायची, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यात किंवा दीडशे मिलिलिटर रस, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. चॉकलेट नको, त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. तिथे ११३ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते; आम्हांला ती वेळ आली नाही. पंधरा मिनिटांनी आकडा ८४ झाला. मग तिथेच वाळूवर बसून त्यांनी बिस्किटे खाल्ली, आणि दहा वाजता खिचडी. नातू त्यांचा हात सोडायला तयार नव्हता.

त्या रात्रीपासून आम्ही सूर्यावरचा भरवसा काढून घेतला. लेकीच्या फोनवर साडेसात, साडेनऊ, दहा असे गजर लावले. ताट समोर आल्याखेरीज इन्सुलिनचे पेन उघडायचे नाही, हा नियम मी केला. साडेनऊला खिडक्यांचे जाड पडदे ओढायचे, छताच्या झरोक्यालाही आतून झाकण सरकवायचे, फोन बाजूला ठेवायचे, नातवाला एक गोष्ट. मोठ्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधायची. सकाळी मात्र सातला सगळे पडदे एकदम उघडायचे आणि चहा बाहेर उन्हात घ्यायचा, कारण घड्याळ लावण्याचे खरे काम सकाळचा उजेडच करतो. दोन रात्रींत सात तासांची झोप लागू लागली, आणि यजमानांचे सकाळचे आकडेही खाली आले. झोप अपुरी झाली की इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावतो, हे त्यांच्या डॉक्टरांनी पुण्यातच सांगितले होते. भारत आणि नॉर्वे यांतील उन्हाळ्याच्या साडेतीन तासांच्या फरकासाठी रात्रीच्या इन्सुलिनची वेळही त्यांनीच आखून दिली होती. असा बदल मनाने कधी करू नये.

फ्रीजविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. मोटारहोमच्या लहान फ्रीजची मागची भिंत बर्फाळ असते, आणि गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी निकामीच. शिल्लक पेने आम्ही रुमालात गुंडाळून पुढच्या कप्प्यात ठेवली. चालू पेन यजमानांच्या आतल्या खिशात राहिले. बाहेर दहा-बारा अंश तापमान असले, तरी शेगडी पेटवून गाडी ऊबदार करण्याचा मोह टाळावा. बंद जागेत साठणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वास न देता जीव घेतो.

बोडोहून लोफोटेन बेटांकडे जाणाऱ्या मोठ्या बोटीवर लाटा बऱ्याच होत्या. नातवाला मळमळू लागले, तेव्हा त्याला पुस्तकावरून नजर काढून क्षितिजाकडे पाहायला लावले. अर्ध्या तासाने तिथे समुद्रातून उभ्या राहिलेल्या डोंगरांची रांग दिसू लागली. तो मळमळ विसरला आणि किती शिखरे ते मोजू लागला. सव्वीसपर्यंत पोचला आणि मग बेरीज चुकली.

आता पुण्यात सातलाच अंधार पडतो. यजमान जेवायला बसतात, पेन ताटाशेजारी ठेवतात, आणि पहिली पोळी वाढली गेली की मगच त्याचे टोपण काढतात.