‘अच्छा कर’ म्हणजे नक्की काय कर?

लखनौच्या मानक नगरात रेल्वेची ‘आरडीएसओ’ आहे. रूळ, डबे, इंजिनं कशी असावीत याची मानकं ठरवणारी ही संस्था १९५७ साली स्थापन झाली. रेल्वेची नोकरी म्हणजे देशभरातली माणसं एका वसाहतीत. तिथल्या एखाद्या मराठी घरी आजी सुट्टीला आली आणि नातवाला म्हणाली, ‘बाळा, काकूंना अच्छा कर,’ तर शेजारच्या लखनवी काकू बुचकळ्यात पडणारच. त्यांच्या बोलीत ‘अच्छा’ म्हणजे चांगलं, किंवा ‘हो का?’ हात हलवून निरोप घेण्याला ‘अच्छा करणं’ म्हणतात, हे ठाऊक असतं ते मराठी घरांना.

रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर, हे एकदा ठरलं की ठरलं. निरोपाचं तसं नसतं, आणि म्हणूनच मुलांना तो शिकवताना बरेच गैरसमज आड येतात.

पहिला गैरसमज गमतीचा. ‘टाटा’ हा शब्द टाटांच्या गाड्यांमुळे आला, असं पुष्कळांना खरंच वाटतं. प्रत्यक्षात इंग्लंडमधल्या बाळबोलीतला हा शब्द १८२३ पासून छापील इंग्रजीत सापडतो. जमशेटजी टाटांचा जन्म १८३९चा.

‘बाय’ परकं, ‘येतो’ तेवढं अस्सल आपलं, हा अभिमानही तपासून घ्यावा असा आहे. ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हे मराठी मूल लहानपणीच शिकतं. पण तमिळ माणूसही निघताना ‘पोयिट्टु वरेन’ म्हणतो, म्हणजे जाऊन येतो. बंगाली माणूस ‘आशि’ म्हणतो, म्हणजे येतो. गुजरातीत यजमान ‘आवजो’ म्हणतात, म्हणजे परत या. दुसरीकडे ‘गुडबाय’चं मूळ ‘देव तुमच्यासोबत असो’ या इंग्रजी वाक्यात आहे, आणि लखनौत कानावर पडणाऱ्या ‘खुदा हाफिज’चा अर्थ ‘देव राखणदार’. परक्या वाटणाऱ्या शब्दांतही आशीर्वादच निघतो.

खरी पंचाईत शब्दशः भाषांतराची. मराठी मुलाने शेजाऱ्यांना ‘आता हूँ’ म्हटलं, तर हा आत्ता परत येतोय असं समजून ते दार उघडंच ठेवतील. तिथे ‘अच्छा, चलते हैं’ म्हणायचं असतं. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला दोन्ही निरोप वेगवेगळे शिकवावे लागतात, आणि मुलं ते शिकतातही. घरात ‘येतो हं आजी’, जिन्यात ‘नमस्ते आंटी, चलते हैं’. यात गोंधळ उडतो तो मोठ्यांचाच.

आता जरा गंभीर गैरसमज. ‘रडेल, म्हणून त्याचं लक्ष नसताना सटकावं.’ नोकरीला निघालेली आई, सुट्टी संपवून मुंबईच्या पुष्पक एक्स्प्रेसला निघालेले आजोबा, सगळेच हे करतात. साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून बाळाला जवळचं माणूस दूर जाण्याची धास्ती वाटू लागते. दीड वर्षाच्या आसपासपर्यंत ती जोरात असते, मग हळूहळू ओसरते. न सांगता गेलं की त्या क्षणीचं रडणं टळतं. पण माणूस कधीही नाहीसं होऊ शकतं, असं मुलाला वाटू लागतं आणि ते अधिकच चिकटतं. बालतज्ज्ञांचा सल्ला उलटा आहे: सांगून जा, थोडक्यात आवरा, आणि परत कधी येणार ते मुलाला कळेल अशा भाषेत सांगा. ‘सहा वाजता’ पेक्षा ‘तू दूध प्यालास की’ हे त्याला समजतं.

गणपतीचं विसर्जन आठवून पाहा. पाटावर बसलेला बाप्पा पाण्यात जातो, चिमुरड्यांचे डोळे भरतात, तरी तीच मुलं सर्वांत मोठ्याने ‘पुढच्या वर्षी लवकर या’ ओरडतात. कधी परत येणार हे त्या निरोपातच सांगितलेलं असतं.

‘एवढा मोठा झाला, बाय पण म्हणत नाही, उद्धट आहे.’ हा निकाल फार घाईचा. हात हलवून निरोप घेणं ही अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या विकासटप्प्यांच्या यादीत वर्षाच्या बाळाकडून अपेक्षित गोष्ट आहे. पण हात हलवणं वेगळं आणि योग्य वेळी आपणहून बोलणं वेगळं. १९८० साली अमेरिकेत ग्राइफ आणि ग्लीसन या संशोधकांनी दोन ते पाच वर्षांच्या २२ मुलांचं निरीक्षण केलं. आपणहून निरोपाचे शब्द बोलणारी मुलं जेमतेम पाव होती. ‘थँक यू’ तर त्याहूनही कमी जणांनी म्हटलं. म्हणजे गप्प राहिलेली ही बहुतेक सगळी मुलं उद्धटच म्हणायची का?

याच वयात ‘काकांना पापी दे, मगच जायचं’ अशी सक्ती होते. तिचा शिष्टाचाराशी काही संबंध नाही. नमस्कार, हात हलवणं, टाळी यातलं काय करायचं ते मुलाला निवडू द्यावं. काकांना वाईट वाटलं तर ते मोठे आहेत, सावरतील.

त्या अभ्यासात आणखी एक नोंद आहे. आई-वडील मुलांना ‘बाय म्हण’ असं सांगत होते; पण स्वतः निरोप घेण्यात आणि आभार मानण्यात आया वडिलांच्या पुढे होत्या. तेव्हा पाहुणे निघाले की सोफ्यावरून ‘अच्छा कर रे’ अशी आज्ञा सोडणाऱ्या बाबांनी आधी स्वतः उठून दारापर्यंत जावं.