तळवड्यातला नेपाळी डाळ-भात

आमच्या सोसायटीच्या फाटकावर एक नेपाळी चौकीदार आहेत. लहानथोर सगळे त्यांना 'बहादूर' म्हणतात. मागच्या महिन्यात त्यांनीच सांगितलं, "तळवड्यात आमच्या गावाकडचा डाळ-भात मिळतो. एकदा जाऊन या."

तळवडे म्हणजे एकीकडे आयटी पार्क, दुसरीकडे लहानमोठी वर्कशॉप. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणसाला इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. चायनीजच्या गाडीवर कढई हलवणारा हात पुष्कळदा नेपाळीच असतो. पण त्याच्या घरचं जेवण आपण कधी पाहिलेलं नसतं.

रविवारी मगरिबनंतर आम्ही गेलो. पत्र्याचं छोटं हॉटेल, पाच टेबलं. फळ्यावर नूडल्स आणि मोमो. 'खाना सेट' मात्र विचारून घ्यावा लागतो. हॉटेल चालवणाऱ्या बाई नेपाळगंजच्या. मुलांच्या अम्मीने हलालचं सरळ विचारलं. बाईंना राग आला नाही. म्हणाल्या, "विचारलंत ते बरं केलंत. आमच्याकडे मुसलमान पुष्कळ, माहेरचे शेजारी तेच. डाळ-भाजीची भांडी, पळ्या वेगळ्या आहेत. चिकन मात्र बाजारातून येतं, त्याची खात्री मी देणार नाही. ते तुम्ही घेऊ नका."

आम्ही शाकाहारी सेट सांगितला. पितळी थाळीत मधोमध भाताचा ढीग, वर तूप. वाटीत उडदाची काळी डाळ, तिला जिंबूची फोडणी. जिंबू म्हणजे हिमालयातल्या रानकांद्याची वाळवलेली पात. सोबत मोहरीचा पाला, बटाटा-फ्लॉवरची भाजी, मुळ्याचं लोणचं, पापड. टोमॅटोच्या चटणीत तिमूर होतं. जीभ झिणझिणली आणि आमच्या कोकणातल्या आजीचं माशाचं कालवण आठवलं. तिमूर हे आपल्या तिरफळाचंच भावंड!

हा सेट मूळचा थकाली लोकांचा. काली गंडकीच्या खोऱ्यातून तिबेटचं मीठ खाली यायचं, खालचं धान्य वर जायचं. त्या वाटेवर थकाली बायका वाटसरूंसाठी खाणावळी चालवत. भात, डाळ, भाजी लागेल तितकी पुन्हा वाढायची, ही रीत आजही आहे. बाई तीन वेळा पळी घेऊन आल्या.

गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचं आंबट कालवण, समोर येताच मुलाने नाक मुरडलं. अम्मीने हळूच सांगितलं, "प्रेषितांनी (स.) कधी अन्नाला नाव ठेवलं नाही. आवडलं तर खाल्लं, नाही तर बाजूला ठेवलं." मुलाने वाटी सरकवली, पण तोंड वाकडं केलं नाही. मला मात्र ते भाताबरोबर फार आवडलं.

निघताना बाई नेपाळबद्दल बोलत राहिल्या. २०२१ च्या जनगणनेनुसार तिथे शंभरात पाच जण मुस्लिम आहेत. काठमांडूत घंटाघराजवळ जुन्या मशिदी आहेत, ईदला सुट्टी असते. मुलांना हे सगळं नवीन होतं. खरं सांगायचं तर मलाही.

परतताना मुलीने विचारलं, "अब्बा, बहादूर अंकलचं खरं नाव काय?" मला सांगता येईना. सूरह अल-हुजुरातमध्ये एकमेकांना टोपणनावांनी हिणवू नका असं बजावलं आहे, आणि कौमा व कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून केले, असंही सांगितलं आहे. हे दर्स देताना मी कितीदा ऐकवलं असेल! आणि दोन वर्षं रोज फाटक उघडणाऱ्या माणसाचं नाव मला ठाऊक नव्हतं.

सकाळी खाली उतरून सलाम केला, नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, जरा संकोचून. मग मुलीने बाईंकडून शिकलेलं वाक्य म्हटलं, "दाइ, खाना खानुभयो?" जेवलात का, एवढाच त्याचा अर्थ. नेपाळात खुशाली अशीच विचारतात.

त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांना कोणी बहादूर म्हणत नाही.