वेंतीना म्हणजे नक्की किती?

इटलीतल्या खानावळीत 'वेंतीना' माणसांचं जेवण सांगितलं आणि अठराच आले किंवा बावीस आले, तरी शब्द मोडला असं कुणी म्हणत नाही. इटालियनमध्ये वीस म्हणजे 'वेंती', आणि 'वेंतीना' म्हणजे वीसेक. तिसाची 'त्रेंतीना', पन्नासाची 'चिंक्वांतीना', अशी ही रांग नव्वदापर्यंत जाते.

मराठीतला 'एक' मात्र यापेक्षा मोकळा आहे. सातेक, आठेक, पंचवीसेक, कुठेही तो जोडता येतो. इटालियन 'ईना' फक्त दहा, पंधरा आणि पुढच्या दशकांनाच लागतो. अकरा, तेरा, सतरा यांच्या वाट्याला तो येत नाही. शंभराच्या आसपास पोचलं की रूप पालटतं. 'चेंतिनायो', म्हणजे शंभरेक, पुल्लिंगी; पण शेकडो म्हणायचं झालं की होतं 'चेंतिनाया', आणि तेही चक्क स्त्रीलिंगी! इटालियन शिकणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते.

वयासाठी तर ही सोय फारच सुरेख आहे. 'सुल्ला क्वारांतीना' म्हटलं की माणूस चाळिशीच्या आसपासचा, एवढं कळतं आणि जन्मसाल विचारावं लागत नाही. 2020 मध्ये घरोघरी पोचलेला 'क्वारंटाइन' हा शब्दही याच चाळिसाच्या कुळातला. साथीच्या काळात व्हेनिसला आलेल्या जहाजांना चाळीस दिवस वेगळं ठेवत, त्यावरून तो आला. तिथे मात्र मोजणी अंदाजाची नव्हती.

वेळेला 'एत्ता' किंवा 'एत्तो' लागतो. 'ओरा' म्हणजे तास, 'ओरेत्ता' म्हणजे तासभर; 'आन्नो' म्हणजे वर्ष, 'आन्नेत्तो' म्हणजे वर्षभर. पाय मोकळे करायला निघालेला इटालियन माणूस 'क्वात्त्रो पास्सी', म्हणजे चार पावलं, टाकून येतो. मराठी माणसाला हे वेगळं समजावायला नको. आपणही चार पावलंच चालून येतो आणि चारच घास खातो.

स्वयंपाकघरातला अंदाज दोन अक्षरांत मावतो. पाककृतीत मिठापुढे 'कू. बी.' लिहिलेलं असतं: 'क्वांतो बास्ता', पुरेल तितकं. हीच अक्षरं औषधाच्या बाटलीवरही दिसतात. तिथे 100 मिलिलिटर भरेपर्यंत पाणी घालायचं असतं, त्यामुळे माप अगदी काटेकोर राहतं.