रुग्णसेवकाच्या मनाचे दुखणे



साथीच्या रोगांचा इतिहास आपण दगावलेल्यांच्या आणि बरे झालेल्यांच्या आकड्यांनी लिहितो. लागण किती जणांना झाली, खाटा किती होत्या, मेले किती, घरी किती गेले, असा तो हिशेब असतो. या हिशेबात एक रकाना मात्र नेहमी कोरा राहतो. जे रोग्याच्या उशाशी उभे होते, जे स्वतः जगले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर झाले, परंतु ज्यांच्या मनाला आतून काही झाले, त्यांची नोंद कोणत्या वहीत करावयाची? त्या कोऱ्या रकान्याविषयी मला आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

रुग्णसेवक म्हटले की आपल्यापुढे डॉक्टर उभा राहतो, फार तर परिचारिका. मी तो शब्द अधिक व्यापक अर्थाने वापरणार आहे. वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेचा चालक, शवागारातला मदतनीस आणि दारोदार फिरणारी आशाताई, हे सारेच रुग्णसेवक होत. मी वैद्य नाही, मानसशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. खरे म्हणजे पदवी कसलीच नाही. रुग्णालयांतील कामगारांची संघटना बांधताना पंचवीस-तीस वर्षांत जे ऐकले आणि रात्री जागून जे वाचले, तेवढ्याच शिदोरीवर मी बोलतो आहे.

आधी दुखणे केवढे, ते पाहू. कोविडची साथ चीनमध्ये ऐन भरात असताना, २०२० च्या जानेवारीअखेरीस, तेथील ३४ रुग्णालयांतील १२५७ डॉक्टर व परिचारिकांची पाहणी झाली. त्यांपैकी शेकडा ५०.४ जणांत नैराश्याची लक्षणे आढळली, शेकडा ४४.६ जणांत चिंतेची आणि शेकडा ३४ जणांत निद्रानाशाची. मनावरील ताणाची लक्षणे तर शेकडा ७१.५ जणांत दिसली. लक्षणे आढळणे म्हणजे वेड लागणे नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ताप जसा सौम्यही असतो आणि तीव्रही, तसेच हे. परंतु परिचारिकांत, स्त्रियांत, साथीचे केंद्र असलेल्या वुहान शहरातील लोकांत आणि प्रत्यक्ष रोग्याजवळ काम करणाऱ्यांत ही लक्षणे अधिक तीव्र होती. आणखी एक गोष्ट माझ्यासारख्याच्या नजरेतून सुटत नाही. त्या १२५७ जणांत ७६४ परिचारिका होत्या आणि ४९३ डॉक्टर. बेरीज पुरी होते. झाडूवाल्याला कोणी विचारलेच नव्हते.

आता हे दुखणे कशाचे बनले आहे, ते उलगडून पाहू. माझ्या मते त्यात तीन धागे आहेत.

पहिला धागा भयाचा. तो सर्वांना कळतो. स्वतःच्या मरणाचे भय असतेच, पण त्याहून मोठे भय रोग घरी नेण्याचे. साथीच्या दिवसांत कित्येक परिचारिका घराच्या उंबऱ्यावर थांबून मुलाला लांबूनच पाहत. हे भय खोटे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळासाठी केलेल्या अंदाजानुसार जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार रुग्णसेवक कोविडने मृत्यू पावले असावेत. ज्याचा सोबती कालपर्यंत शेजारी उभा होता आणि आज त्याच वॉर्डात खाटेवर आहे, त्याच्या भयाला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसरा धागा थकव्याचा. हा थकवा रात्रभर झोपून जाणारा नव्हे. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली त्याला 'बर्न-आऊट' हा शब्द योजला. आपण त्याला करपणे म्हणू. तव्यावर भाकरी विसरली की ती आधी कडक होते, मग काळी पडते. तसे माणसाचे होते. प्रथम शक्ती संपते. मग कामाविषयी, रोग्याविषयी एक कोरडेपणा येतो. सात नंबरचा रोगी गेला, हे वाक्य चहा पिता पिता उच्चारले जाते. शेवटी, आपल्या हातून काही भले होते, हा विश्वासच जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात याची नोंद आहे. ती मोठी बोलकी आहे. करपणे हा रोग नसून कामाशी जडलेली घटना आहे, आणि कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न आवरल्यामुळे ती उद्भवते, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे दोष माणसाच्या मज्जातंतूंत शोधण्याआधी तो हजेरीपटात शोधावा.

कोणते काम माणसाला करपवते? केवळ कष्टाचे काम नव्हे. रॉबर्ट कारासेक या अभ्यासकाने १९७९ साली अमेरिका आणि स्वीडनमधील कामगारांची माहिती तपासून एक साधा सिद्धांत मांडला. कामाची ओढ मोठी आणि कामावरचा स्वतःचा ताबा थोडा, अशी जोडी जमली की मनावर सर्वांत अधिक ताण पडतो. साथीतले रुग्णालय या सूत्रात घालून पाहा. किट चढवल्यावर सहा-सहा तास पाण्याचा घोट नाही, लघवीला जाणे नाही, मासिक पाळी असली तरी सुटका नाही, आणि उद्याची पाळी कोणत्या वॉर्डात ते आज ठाऊक नाही. यातले काहीही ठरवताना त्या बाईला कोणी विचारलेले नसते.

तिसरा धागा सर्वांत खोल आहे, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. तो सदसद्विवेकाच्या जखमेचा. जोनाथन शे नावाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करीत. त्यांना असे दिसले की काही सैनिकांना शत्रूच्या गोळीपेक्षा स्वतःच्या वरिष्ठांनी केलेला विश्वासघात अधिक सलतो. जीवनमरणाच्या प्रसंगी ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने जे योग्य ते केले नाही, की ही जखम होते. पुढे इतर अभ्यासकांनी तिची व्याप्ती वाढवली. जे आपल्याला चूक वाटते तेच आपल्या हातून करवले गेले, किंवा डोळ्यांदेखत होताना थांबवता आले नाही, तरी ती होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत आपल्याकडे खाट एक आणि रोगी चार, ही स्थिती होती. त्याच महिन्याच्या २१ तारखेला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रोगी दगावले. अशा वेळी खाटांच्या रांगेत रिकाम्या हातांनी उभ्या असलेल्या माणसाला काय झाले असेल, याची कल्पना करा. त्याला भीती वाटत नसते, तो थकलेलाही नसतो. तो स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो, आणि त्या खटल्याचा निकाल कधीच लागत नाही.

आमच्या संघटनेतल्या एका वॉर्डबॉयने मला सांगितले होते, "भाऊ, नातेवाईक आत येऊ शकत नव्हते. शेवटचा फोन मीच रोग्याच्या कानाशी धरायचो. पलीकडून मुलगी रडायची, आणि आवाज मलाही यायचा. तो आवाज अजून येतो." त्याचा पगार कंत्राटदाराकडून येत असे. दुसरी लाट ओसरली आणि त्याचे काम संपले. त्याला कोणी रजा दिली नाही, कोणी बोलावून विचारपूस केली नाही. कारण कागदोपत्री तो त्या रुग्णालयाचा कोणी नव्हताच.

इथे एक शंका निघेल. साथ म्हटली की मरण आले, भय आले. त्याला कोण काय करणार? व्यवस्थेने यात खरोखर फरक पडतो काय? याचे उत्तर कॅनडात मिळते. २००३ साली टोरोंटो शहरात सार्स या रोगाची साथ आली. ओंटारिओ प्रांतात सुमारे ३७५ जणांना लागण झाली, ४४ मृत्युमुखी पडले. लागण झालेल्यांत १६९ रुग्णसेवक होते, आणि दोन परिचारिका व एक डॉक्टर प्राणास मुकले. साथीनंतर १३ ते २६ महिन्यांनी संशोधकांनी टोरोंटोतील नऊ रुग्णालयांतील आणि साथ न पोचलेल्या शेजारच्या हॅमिल्टन शहरातील चार रुग्णालयांतील मिळून ७६९ रुग्णसेवकांची तुलना केली. मनाचा मोठा ताण हॅमिल्टनमध्ये शेकडा ३०.२ जणांत होता, तर टोरोंटोत शेकडा ४४.९. करपलेल्यांचे प्रमाण १९.२ आणि ३०.४. म्हणजे साथ जाऊन वर्ष-दोन वर्षे लोटली तरी मनातली साथ गेली नव्हती. परंतु याच अभ्यासाने दुसरीही गोष्ट दाखवली. आपल्याला पुरेसे प्रशिक्षण आणि पाठबळ मिळाले, असे ज्यांना वाटत होते त्यांना त्रास कमी झाला होता. रोग तोच, शहर तेच. फरक पडला तो पाठीशी कोणी आहे की नाही, याचा.

या साथीची चौकशी न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने केली. त्याच्या अहवालात कामगार चळवळीला शिकण्याजोगा एक प्रसंग आहे. २००३ च्या मे महिन्यात साथ संपली असे मानून खबरदारी सैल करण्यात आली. एका रुग्णालयातील परिचारिका सांगत होत्या की रोग अजून वॉर्डात आहे. त्यांचे म्हणणे मनावर घेतले गेले नाही, आणि दुसरा उद्रेक झाला. एन-९५ मुखपट्टी हवी की साधी चालेल, यावरही तज्ज्ञांचा वाद चालू होता. आयोगाने निर्वाळा दिला तो असा की धोका कमी करण्याचे वाजवी उपाय शास्त्राचा अखेरचा पुरावा हाती येईपर्यंत अडवून धरू नयेत. ज्याच्या नाकाशी रोग आहे त्याचे ऐकणे, हे नुसते सौजन्य नाही. त्यात रोग्याचेही रक्षण आहे आणि सेवकाच्या मनाचेही.

आता आपल्या घराकडे वळू. २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता आपण सर्वांनी टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. ती भावना खोटी होती असे मी म्हणणार नाही. परंतु त्याच आठवड्यात दिल्लीत घरमालक डॉक्टरांना खोल्या सोडायला सांगत असल्याच्या तक्रारी आल्या. एप्रिलमध्ये चेन्नईत कोविडने गेलेल्या एका डॉक्टरांचे दफन जमावाने दगड मारून उधळले. रात्री एका सहकारी डॉक्टरांनी स्वतः फावडे हाती घेऊन माती लोटली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २२ एप्रिलला, १८९७ च्या साथरोग कायद्यात अध्यादेशाने दुरुस्ती करून रुग्णसेवकावरील हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा ठरवावा लागला. टाळी आणि दगड एकाच समाजाचे होते. ज्याला सकाळी देव म्हटले आणि संध्याकाळी जिन्यावरून हाकलले, त्याच्या मनाचा तोल कसा राहावा?

आशाताईंचेच पाहा. घरोघरी जाऊन रोगी शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यासाठी केंद्राने महिना हजार रुपये दिले, आणि तेही वेतन म्हणून नव्हे, कारण सरकारी दप्तरी त्या स्वयंसेविका. २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशांनी संप केला, तेव्हा हजार रुपयांची मानधनवाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता कबूल झाला. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. गौरव आधी जगाने केला. वेतनाचा प्रश्न मात्र घरचाच होता.

कोणी म्हणेल, हा संघटनावाला, याला सगळीकडे पगारच दिसतो. सेवा हा धर्म आहे, सावित्रीबाई फुल्यांनी १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना प्राण दिले, त्यांनी का भत्ता मागितला? सावित्रीबाईंपुढे माझे मस्तक नम्र आहे. परंतु त्यांनी जे दिले ते स्वतःहून दिले. स्वतःहून केलेला त्याग माणसाला मोठे करतो, आणि लादलेला त्याग त्याला आतून पोखरतो. दुसऱ्याच्या त्यागावर आपले रुग्णालय चालवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पगाराने दुःख जात नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्याला पुढच्या महिन्याची शाश्वती नाही तो आपले दुःख बोलूही शकत नाही, कारण बोललो तर कामावरून जाऊ, हे भय त्याच्या ओठांवर बसलेले असते.

मग करावे काय? समुपदेशन हवेच. २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. कोणीही तेथे विनामूल्य बोलू शकतो, आणि बोलण्यात कमीपणा नाही. परंतु फुटलेल्या नळाखाली नुसते फडके घेऊन बसण्यात अर्थ नाही, नळही दुरुस्त केला पाहिजे. पाळ्या आधी ठरलेल्या असाव्यात आणि त्यात विश्रांतीचा दिवस धरलेला असावा. संरक्षणाचे साहित्य डॉक्टरांना जे, तेच झाडूवाल्यालाही मिळावे. खाट कोणाला द्यावयाची, हा निर्णय एकट्या तरुण डॉक्टरावर न टाकता समितीने घ्यावा, म्हणजे त्याचे ओझे एका माणसाच्या छातीवर राहणार नाही. वॉर्डातल्या माणसांना आठवड्यातून एकदा, वरिष्ठांसमोर निर्भयपणे बोलता यावे. साथ संपल्यावर निदान दोन वर्षे विचारपूस चालू राहावी, आणि ती कंत्राटी माणसाचीही व्हावी. सरकारने मार्च २०२० मध्ये कोविडच्या कामात मृत्यू आल्यास ५० लाखांचा विमा दिला, हे चांगलेच झाले; पण जो मेला नाही आणि झोपतही नाही, त्याचा विमा अजून कोणी काढलेला नाही.

यातले बरेच काम सरकारचे आणि रुग्णालयांच्या चालकांचे आहे. तुमच्या-आमच्या वाट्याला येते ते थोडे आहे, पण ते आजपासून करता येण्याजोगे आहे. आपल्या चाळीत, आपल्या आळीत एखादी परिचारिका किंवा वॉर्डबॉय राहत असेल. त्याला देव म्हणू नका, कारण देवाला थकण्याची परवानगी नसते. "त्या दिवसांत तुमचे कसे गेले?" एवढेच विचारा आणि तो बोलू लागला तर मध्ये बोलू नका. आणि पुढे कधी तो आपल्या मागण्यांचा फलक घेऊन रुग्णालयाच्या फाटकाशी उभा दिसला, तर रोग्यांचे हाल होतील म्हणून त्याच्यावर रागावण्याआधी फलकावर काय लिहिले आहे, तेवढे थांबून वाचा.